व्हिनाइल काढल्यानंतर सिरॅमिक टाइल्ससाठी जमीन तयार करताना

कोल्हापुरात बहुतेक घरांत ज्याला ‘कार्पेट’ म्हणतात, ते प्रत्यक्षात व्हिनाइलचे, म्हणजे पीव्हीसीचे शीट असते. शहाबादी फरशी थंड लागते, मोझॅकवर डाग पडले आहेत किंवा कोब्याला भेगा गेल्या आहेत, अशा कुठल्या तरी कारणाने ते दहा-पंधरा वर्षांपूर्वी चिकटवलेले असते. पुढे त्याच्या कडा उचलतात, जोड फाटतात आणि घरात सिरॅमिक टाइल्सचा विषय निघतो. टाइल्स निवडण्यात एक रविवार जातो, भाव ठरवण्यात दुसरा. पण शीट उचलल्यावर खाली जी जमीन उघडी पडते, तिच्यासाठी दोन दिवसही कोणी राखून ठेवलेले नसतात. राजारामपुरीतील आमच्या घरी हेच झाले. गोंदाचे पिवळे थर पाहून गवंडी म्हणाले, “मालक, वरनं सिमेंटचं पाणी मारलं की समदं झाकतंय, कशाला खरडत बसताय?” आम्ही ते ऐकले, आणि दुसरा पावसाळा संपायच्या आत नऊ टाइल्स ठोकल्यावर पोकळ वाजू लागल्या. त्यांतली एक उचलून पाहिली तेव्हा तिच्या पाठीला सिमेंट घट्ट धरलेले होते आणि त्या सिमेंटच्या खालच्या अंगाला गोंदाची पिवळी, लवचीक साय होती. जमिनीला मात्र काहीही चिकटलेले नव्हते. पुढे जे लिहिले आहे, ते ती खोली दुसऱ्यांदा करताना शिकलेले आहे.

सिमेंट कागदावरच्या डिंकासारखे नुसते पृष्ठभागावर चिकटत नाही. ओल्या सिमेंटचे पाणी जमिनीच्या बारीक छिद्रांत शिरते, तिथे त्याचे स्फटिक वाढतात आणि टाइलखालचा थर जमिनीत जणू मुळे धरतो. जुन्या गोंदाने ती छिद्रे बुजलेली असली, तर वरचे सिमेंट कितीही भारी असले तरी त्याला धरायला जागाच उरत नाही. शिवाय व्हिनाइलचा गोंद रबरासारखा असल्याने दाबाखाली किंचित दबतो, आणि सिरॅमिक टाइलला दबणे मुळीच मानवत नाही.

आधी व्हिनाइल कोणते आहे ते पाहावे

गुंडाळी करता येईल असे, दहा-पंधरा वर्षांपूर्वी चिकटवलेले मऊ शीट असेल, तर सहसा फारशी काळजी नाही. परंतु जुन्या सरकारी क्वार्टरमध्ये, दवाखान्यांत किंवा कार्यालयांत नऊ इंची वा एक फुटी, कडक आणि वाकवल्यास कटकन तुटणारे चौकोनी तुकडे काळ्या डांबरी थरावर बसवलेले आढळले, तर तिथेच थांबावे. अशा टाइल्समध्ये एके काळी अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळत असत. आपल्याकडे पीव्हीसी-अ‍ॅस्बेस्टॉस टाइल्ससाठी आयएस ३४६१ हे स्वतंत्र भारतीय मानकच होते. तुकडा अखंड असेपर्यंत तंतू त्यात बांधलेले राहतात, पण ग्राइंडर लावला, पॉलिश पेपरने घासले किंवा कोरडेच खरवडले, की ते हवेत उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन बसतात. नुसत्या नजरेने खात्री होत नाही, म्हणून प्रयोगशाळेतून तपासणी होईपर्यंत अशा जमिनीत अ‍ॅस्बेस्टॉस आहे असेच धरून चालावे आणि त्याखालच्या काळ्या थरालाही तोच नियम लावावा. तळमजल्यावर उंचीला वाव असेल, तर ती जमीन न फोडता वर प्लास्टिकचा कागद अंथरून किमान ५० मिलिमीटर जाडीचा स्वतंत्र कोबा घालणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. वरच्या मजल्यावर मात्र हे अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नये, कारण एवढ्या जाडीच्या मालाचे वजन चौरस फुटाला सुमारे १० किलो भरते. १२० चौरस फुटांच्या खोलीत स्लॅबवर बाराशे किलोंची भर पडते.

मऊ शीट काढणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. धारदार कटरने सुमारे एक फूट रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात, कोपऱ्यातून एक टोक उचलावे आणि पट्टी वर न ओढता जमिनीलगत मागे ओढत न्यावी. शीटखाली नमद्यासारखा थर असेल, तर तो बऱ्याचदा जमिनीलाच चिकटून राहतो; त्यावर साबणाचे गरम पाणी शिंपडून वीस मिनिटे भिजू दिल्यास तो लगद्यासारखा निघतो. काढलेले व्हिनाइल परसात पेटवून देण्याचा मोह टाळावा, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा, विषारी धूर निघतो. त्याच कारणासाठी गोंद वितळवायला गॅसची ज्योत वापरू नये.

गोंद

खरे काम इथून सुरू होते. गोंदाचा रंग आणि स्वभाव पाहून पद्धत ठरवावी लागते. पांढरट किंवा मळकट दुधी गोंद बहुधा पाण्यात कालवलेला असतो. त्यावर कढत पाणी ओतून जुने पोते अंथरले आणि अर्धा तास थांबले, की तो मऊ पडतो व पट्टीने सहज खरवडला जातो. पिवळा ते तपकिरी, बोटाने ओढला तर ताणला जाणारा गोंद सिंथेटिक रबराचा असतो आणि आपल्याकडच्या घरांत बहुतेक वेळा हाच सापडतो. त्याला पाण्याने काही होत नाही. हीट गनने हात-दीड हात जागा फक्त मऊ होईल इतपत तापवावी, धूर निघू देऊ नये, आणि लगेच खरवडावे. खरवडलेला गोंद पट्टीला आणि पुन्हा जमिनीला चिकटून जीव नकोसा करतो. त्यावर मूठभर कोरडी बारीक वाळू भुरभुरली, की त्याच्या गोळ्या होतात आणि झाडूने गोळा करता येतात. काळा डांबरी थर असेल, तर वर सांगितलेली अ‍ॅस्बेस्टॉसची शंका आधी मिटवावी.

खरवडण्यासाठी बाजारात मिळणारी रंगाऱ्याची पातळ पट्टी फार वेळ टिकत नाही. आम्ही उद्यमनगरातील एका वर्कशॉपमधून गाडीच्या जुन्या कमानपाट्याचा चार इंची तुकडा घेतला, त्याला एका बाजूने धार लावून घेतली आणि मागे चार फुटी पाइप वेल्ड करून घेतला. उभ्याने काम करता येत असल्याने पाठ वाचली आणि पोलादाला धारही दोन दिवस पुरली. गोंद काढण्याची यापेक्षा चांगली वस्तू मी अजून पाहिलेली नाही.

रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर ओतून गोंद विरघळवण्याचा सल्ला हमखास मिळतो, आणि तो मानू नये. विरघळलेला गोंद नाहीसा होत नाही, तो पातळ होऊन कोब्याच्या छिद्रांत आणखी खोल उतरतो. जमीन वरून स्वच्छ दिसते आणि आतून मेणकापडासारखी होते. बंद खोलीत त्याची वाफ साठून आगीचा धोका असतो तो वेगळाच. अ‍ॅसिडचाही इथे उपयोग नाही, कारण ते सिमेंट खाते पण रबराला हात लावत नाही, आणि नीट धुतले न गेल्यास मागे क्षार सोडून जाते.

खरवडून झाल्यावर जमिनीवर गोंदाची जी पातळ छटा उरते, ती घासूनच काढावी लागते. यासाठी ग्राइंडरला डायमंड कप व्हील लावतात. त्याने काम झपाट्याने होते, पण कोरड्या घासणीत सिमेंट आणि वाळूची अतिशय बारीक धूळ उडते. त्यातील सिलिका वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास सिलिकोसिस होतो. म्हणून तोंडाला रुमाल न बांधता एन-९५ मास्क घालावा, व्हॅक्यूम जोडलेला ग्राइंडर मिळाल्यास तोच घ्यावा आणि दारांना प्लास्टिक लावून बाकीचे घर वाचवावे. माझ्या मते याहून चांगला उपाय आपल्या गावात सहज मिळतो: मोझॅक पॉलिश करणाऱ्यांचे मशीन. त्याला सर्वांत खरबरीत दगड लावून, पाणी सोडत, जमीन एकदा उभी आणि एकदा आडवी घासून घेतली, तर धूळ उडत नाही, उंचवटेही मोडतात आणि जुनी चकाकी जाते. मात्र जाड गोंद आधीच खरवडलेला हवा, नाहीतर दगडाची छिद्रे भरतात आणि मशीन नुसते घसरत राहते.

गोंद खरोखर गेला का, हे पाण्याचे चार थेंब सांगतात. खोलीत दहा-बारा ठिकाणी थेंब टाकावेत. मिनिटभरात थेंब पसरून जमीन गडद झाली, तर छिद्रे मोकळी आहेत. कमळाच्या पानावरल्यासारखा तो मोत्यासारखा उभा राहिला, तर तिथे खडूने गोल करून पुन्हा घासावे. दाट शहाबादी दगड मुळातच पाणी हळू पितो, त्यामुळे तिथे थेंब पसरतो की गोळा होतो एवढेच पाहावे.

खाली काय निघाले

कोबा निघाला आणि तो पक्का असला, तर नशीब समजावे. लाकडी हातोडीच्या दांड्याने किंवा मोठ्या नाण्याने सगळी जमीन वीतभर अंतरावर ठोकत जावी आणि जिथे आवाज भरीव न येता पोकळ येईल तिथे खडूने खूण करावी. पोकळ भाग छिन्नीने भरीव कडेपर्यंत काढून टाकावा, धूळ झाडावी, जागा ओली करून वरचे पाणी टिपावे, एसबीआर लॅटेक्स (सिंथेटिक रबराचे दुधी द्रावण) मिसळलेला सिमेंटचा पातळ लेप ब्रशने चोळावा आणि तो ओला असतानाच सिमेंट-वाळूचा एकास चार प्रमाणाचा माल भरावा. चाळलेली क्रश सँड यासाठी चालते. या भरावाला सात दिवस पाणी मारावे. लेप वाळल्यावर माल भरला, तर तोच लेप मधला सुटा थर बनतो. ही चूक फार वेळा होते, कारण लेप एकाने लावलेला असतो आणि माल कालवायला गेलेला दुसरा चहा पिऊन परततो.

मोझॅक असेल तर त्याची बैठक सहसा चांगली असते, पण पॉलिशच्या वेळी लावलेले मेण आणि वर्षानुवर्षांची गुळगुळीत चकाकी हा अडथळा असतो. मशीनने घासल्यावरही तो चमकत असेल, तर संपूर्ण पृष्ठभागावर दोन-दोन इंचांवर छिन्नीने टाचे, म्हणजे उथळ खाचा, मारून घ्यावेत.

शहाबादीच्या बाबतीत मात्र मी सावध सल्ला देईन. जुन्या पेठांतील घरांत ही फरशी मुरमावर चुन्याच्या मालात, काही ठिकाणी तर नुसत्या मातीत बसवलेली असते. फरशीच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर पाय ठेवून वजन बदलून पाहावे. जरा जरी ‘टक्’ आवाज आला, तरी ती हलते आहे आणि तिच्यावरची टाइल टिकणार नाही. एक-दोन फरश्या हलत असतील तर त्या काढून नव्या मालात बसवाव्यात. चौथा हिस्सा हलत असेल, तर संपूर्ण फरशी काढावी, खालची मऊ माती उकरून मुरूम भरावा, पाणी मारून धुमसाने ठोकावा, त्यावर हजार गेजचे प्लास्टिक अंथरून तीन ते चार इंच काँक्रीट घालावे. खर्च वाढतो हे खरे, पण निघालेली शहाबादी अंगणात किंवा परसात कामाला येते आणि घराच्या उंबऱ्याची उंचीही राखता येते.

जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर, तक्तपोशीवर मातीचा थर आणि त्यावर व्हिनाइल असेल, तर हा लेख तिथे लागू होत नाही. तुळया चालताना लवतात, टाइल लवत नाही.

भेगांकडेही याच टप्प्यावर पाहावे. केसासारखी, दोन्ही कडा एका पातळीत असलेली भेग बहुधा कोबा सुकतानाची असते आणि ती भरून पुढे जाता येते. एक कड वर आणि एक खाली असेल, तर जमीन खालून खचते किंवा फुगते आहे. काळ्या मातीवर नीट भराव न करता बांधलेल्या घरांत हे दिसते, कारण ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. अशा भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा ठिपका लावून त्यावर तारीख लिहावी. पाऊस आणि उन्हाळा असे दोन्ही जाऊनही तो अखंड राहिला तर भेग थांबलेली आहे. ठिपका मध्येच चिरला, तर आधी पायाचा विचार करावा.

ओल

व्हिनाइल हे जमिनीवरचे झाकण असते. शहाबादीच्या सांध्यांतून जी ओल रोज थोडी थोडी उडून जात होती, ती शीट चिकटवल्यापासून खाली कोंडलेली असते. म्हणूनच शीट उचलताच कुबट वास येतो आणि काळी बुरशी दिसते. बुरशी घासून धुवावी, पंखा लावून जमीन किमान आठवडाभर उघडी ठेवावी आणि मगच ओलीची परीक्षा घ्यावी. दोन फूट बाय दोन फूट स्वच्छ प्लास्टिक जमिनीवर पसरून चारही कडा रुंद टेपने हवाबंद चिकटवाव्यात: एक तुकडा बाहेरच्या भिंतीजवळ, एक मोरीलगत आणि एक खोलीच्या मध्यावर. २४ तासांनी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले किंवा खालची जमीन भोवतालपेक्षा गडद दिसली, तर खालून ओल चढते आहे.

ही परीक्षा केव्हा घेतली याला कोल्हापुरात विशेष अर्थ आहे. दुधाळी, सुतारवाडा किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या नदीच्या अंगच्या भागांत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठते, तेव्हा रस्त्यावर पाणी येण्याआधीच जमिनीतले पाणी वर चढलेले असते. एप्रिलमध्ये खडखडीत वाजणारी फरशी ऑगस्टमध्ये घाम गाळते. म्हणून शक्य असेल तर परीक्षा पावसाळ्याच्या अखेरीस घ्यावी आणि काम दिवाळीनंतर काढावे. ज्या घरांत २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचे पाणी आले होते, तिथे भिंतींच्या तळाशी व जमिनीवर पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार, हमखास सापडतो. लोणा पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा आत जातो. तो कोरड्या तारेच्या ब्रशने झाडून, गोळा करून बाहेर टाकावा. थोड्या ओलीने सिमेंटचे अ‍ॅडहेसिव्ह (टाइल चिकटवण्याचा तयार माल) बिघडत नाही, पण ओलीबरोबर येणारा लोणा सांध्यांतून वर फुटत राहतो. ओल जास्त असेल, तर पृष्ठभागावर सिमेंट-पॉलिमरचा ओलरोधक लेप दोन हात, एक उभा आणि एक आडवा, द्यावा आणि तो टाइल अ‍ॅडहेसिव्हशी जुळणारा आहे हे डब्यावरील सूचनेत वाचून घ्यावे. गळणारा नळ किंवा मोरीचा फुटका सांधा हे ओलीचे कारण असेल, तर लेपाने काही साधत नाही.

सपाटी आणि उंची

जमीन समपातळीत असणे आणि सपाट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टाइलला सपाटपणा जास्त लागतो. दहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जमिनीवर उभ्या कडेने ठेवून खोलीभर फिरवावी. एक फुटी सिरॅमिक टाइल्ससाठी पट्टीखाली ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये. दोन फुटी टाइल्स असतील तर ३ मिलिमीटरच. मोजायला दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवावीत, त्यांची जाडी साडेतीन मिलिमीटर होते. ती पट्टीखालून सहज सरकली, तर मोठ्या टाइलसाठी जमीन अजून तयार नाही. उंचवटे घासावेत, खोलगट जागा भराव्यात. उथळ खळग्यांसाठी प्राइमर (पकड देणारा पहिला हात) लावून सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे आपोआप पसरून सपाट होणारे, मिश्रण ओतणे सोपे पडते, पण प्राइमर वगळला तर ते पापुद्र्यासारखे सुटते. ‘अ‍ॅडहेसिव्ह थोडं जास्त घालून लेव्हल काढू’ हे वाक्य ऐकू आले, तर नम्रपणे नकार द्यावा: जाड थर सुकताना आकसतो आणि टाइलची एक कड खाली ओढतो.

उंचीचा हिशेब शीट काढल्या दिवशीच करावा. गेलेले व्हिनाइल दोन मिलिमीटरचे, आणि येणारी टाइल व खालचा थर मिळून बारा ते पंधरा मिलिमीटरचा. म्हणजे दरवाजे खालून तासावे लागणार, आणि ते सुताराकडून टाइल्स बसण्यापूर्वीच तासून घेतलेले बरे. मोरी खोलीला लागून असेल, तर पाण्याचा ढाळ तिच्याकडे राहतो की उलटा होतो, हेही पाहून घ्यावे. भिंतीलगत चारही बाजूंनी सुमारे ६ मिलिमीटर फट मोकळी ठेवायची असते; ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, म्हणून तिथे साचलेला जुना माल आताच छिन्नीने काढावा.

शेवटी जमीन दोनदा झाडावी, जमल्यास व्हॅक्यूम करावी आणि ओल्या फडक्याने पुसावी. तळहात फिरवल्यावर पांढरा झाला, तर पुन्हा पुसावी. अ‍ॅडहेसिव्हच्या पिशवीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का आणि त्यावर लिहिलेला प्रकार आपल्या टाइलला व जमिनीला चालतो का, हे दुकानातच पाहावे. २० किलोची पिशवी तीन मिलिमीटरच्या थराने साधारण ४५ ते ५० चौरस फुटांना पुरते.

सगळी खोली हाती घेण्यापूर्वी, जिथे गोंद सर्वांत चिवट होता त्या जागी, टाइलचा हातभर तुकडा दातेरी थापीने लावलेल्या अ‍ॅडहेसिव्हवर बसवावा आणि तीन दिवस त्याला हात लावू नये. चौथ्या दिवशी छिन्नी घालून तो उखडावा. तो मुकाट्याने, अखंड निघाला आणि खाली चकचकीत किंवा धुळीची जमीन दिसली, तर पुन्हा कमानपाट्याची पट्टी हातात घ्यावी. तुकड्याचे तीन-चार भाग झाले आणि अ‍ॅडहेसिव्हबरोबर कोब्याचे कणही उपटून आले, तर गवंड्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगावे.